काही निघालं नाही

आमच्या घराला ज्या वाक्यानं आग लावली, ते वाक्य वाईट नव्हतं. आईनं ते चांगली बातमी म्हणूनच सांगितलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनीला माहेरी सोडायला ती स्वतः शाहपूरला गेली होती. अंगणात झोका बांधलेला, गल्लीतल्या माहेरवाशिणी जमलेल्या, ताटांत आमरस आणि खापरावरची पोळी. तिथे कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला, की पाळणा कधी हलणार. आईला वाटलं, सुनेची बाजू घ्यायची हीच वेळ. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तिच्यात काई दोष नाई व माय. मी तपासून आनलं तिले. काईच निघालं नाई."

वहिनीच्या आईनं हातातली वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "तपासून आनलं? कोनाले विचारून?"

आई घरी परतली तरी तिला उमज पडला नव्हता. मी तेव्हा सुट्टीवर लोधीपुऱ्याच्या घरी आले होते. तिनं मला हे सगळं भाजी निवडता निवडता सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "मी काय वाईट बोलली सांग बरं? काई निघालं असतं अन् मी चारचौघांत सांगतलं असतं, तं गोष्ट वेगळी." मग मी हळूहळू तिच्याकडून बाकीचं काढून घेतलं. 'माझी शुगर पाहायची आहे, चल सोबत' असं सांगून तिनं वहिनीला बाईडॉक्टरकडे नेलं होतं. तिथे बाकावर ओळखीच्या दोन बायका बसलेल्या होत्या. त्यांच्या देखत वहिनीचं नाव पुकारलं गेलं, आईचं नाही. वहिनी आत गेली, सगळ्या तपासण्या करून बाहेर आली आणि घरी येऊन तिनं पोळ्या लाटल्या. माहेरी ती यातला चकार शब्दही बोलली नव्हती. आईनं तेच झोक्याजवळ जाहीर केलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आमची भीती कुणाला कळायची नाही. आमच्याकडे साटंलोटं झालेलं आहे. दादाला ज्या घरची मुलगी केली, त्याच घरात, त्या मुलीच्याच भावाला माझी धाकटी बहीण दिली. एकाच मांडवात दोन लग्नं लागली. मी मधली; शिकतच राहिले म्हणून या फेऱ्यातून सुटले, असं आई म्हणते, आणि तिच्या तोंडून ते कौतुक वाटत नाही. एकीचं माहेर ते दुसरीचं सासर. दोघी एकदम निघाल्या तर दोन्ही घरच्या चुली थंड पडतील, म्हणून आखाजीला वहिनी जाते आणि ती परतली की मग बहीण चार दिवस आमच्याकडे येते. हा झाला सुखाचा नियम. दुःखाचाही नियम ठरलेला आहे: एक परत पाठवली की दुसरीही परत पाठवायची. कुणाचं भांडण, कुणाची चूक, हे कोणी विचारत नाही.

वहिनी ठरलेल्या दिवशी आली नाही. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. दादानं तो स्पीकरवर लावला, कारण एकट्यानं ऐकायची त्याची हिंमत नव्हती. तिकडून आवाज अगदी थंड होता. "जावईबापू, आमची पोर आता आमच्याजवळच राहीन. तुमची तुम्ही रविवारी येऊन घेऊन जा. भांडन नाई, झगडा नाई. बस, बात खतम."

फोन ठेवल्यावर आईनं पदर तोंडाला लावला. दादा, जो शाळेत चाळीस पोरांना एका नजरेत गप्प बसवतो, तो भिंतीकडे बघत राहिला. मला आधी राग आला आणि मग भीती वाटली, आणि भीती धाकटीचीच वाटली. तिचा संसार चांगला चालला होता, असं आम्ही सगळे धरून होतो. नवरा केळीच्या बागेतला कष्टाळू माणूस, कमी बोलणारा, तिला कधी चढ्या आवाजात बोललेला नाही. आणि आता दुसऱ्याच कुणाच्या वाक्यापायी तिचा संसार मोडणार होता.

मी दूरच्या एका शहरात प्रयोगशाळेत काम करते. काय काम करते, हे घरी विचारायचं सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं आहे. पण त्या आठवड्यात मला माझं काम जेवढं आठवत होतं, तेवढं तर प्रयोगशाळेत बसूनही आठवत नाही.

आम्ही प्रकाशाच्या कणांच्या जोड्या तयार करतो. जोडीतले दोन कण वेगवेगळ्या वाटांनी जातात, पण त्यांचं नशीब एकत्र बांधलेलं असतं. कणाचं कंपन उभं असू शकतं किंवा आडवं. विचारेपर्यंत त्याचं काहीच ठरलेलं नसतं, आणि एकाला विचारून 'उभा' असं उत्तर आलं की दुसराही तेव्हाच उभा ठरतो, तो कितीही लांब असो. पुरतं विचारलं की जोडी तुटली, मग इलाज नाही. पण अर्धवटही विचारता येतं. एका कणाच्या वाटेत तिरपी काच ठेवायची. आडवे कण तिच्यातून सरळ पार होतात, उभ्यांपैकी थोडे बाजूला उडतात आणि तिथल्या यंत्रात सापडतात. सापडला, तर संपलं. पण खरी गंमत सापडला नाही तेव्हा आहे. यंत्र गप्प बसलं, काहीच निघालं नाही, तरीसुद्धा काहीतरी कळलेलं असतं: हा कण बहुतेक आडवा असावा. एवढ्यानंच तो कण आडव्याकडे झुकतो, आणि त्याला कोणी हात न लावताही त्याचा लांबचा जोडीदार त्याच्याबरोबर झुकतो. नुसत्या संशयानं दोघांमधली गाठ सैल होते.

आणि हे उलटवता येतं. माझा सगळा प्रबंध याच एका गोष्टीवर उभा आहे. तेवढ्याच जाडीची दुसरी काच घ्यायची आणि ती पाव फेरा फिरवून ठेवायची, म्हणजे आता उभे कण सरळ जातील आणि आडवे उडतील. तराजूचं एक पारडं हलकं झालं, तर दुसऱ्यातूनही तेवढंच काढून घ्यावं, तसं. दुसरं यंत्रही गप्प राहिलं, तर जोडी जशी होती तशी होते, आणि मधे कोणी डोकावलं होतं हे जगातला कोणी सांगू शकत नाही. दुसरं यंत्र वाजलं, तर जोडी गेली. आणखी एक गंमत आहे. ही दुसरी काच त्याच कणाच्या वाटेत ठेवली पाहिजे असं नाही. जोडीदाराच्या वाटेत ठेवली तरी चालते.

"काई निघालं नाई, मंग बिघडलं काय?" आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी एकदा चिडून तिला माझ्या काचेचं उदाहरण देऊन समजावायला गेले, की काही न निघणं हीसुद्धा बातमी असते, तू बघितलंस म्हणूनच सगळं बिघडलं. ती म्हणाली, "तुही काच तुह्याजवळ ठेव. तिकडे पोरीचं घर मोडू राहिलं."

शुक्रवारी मी दादाची गाडी काढली आणि एकटी शाहपूरला गेले. ऊन असं होतं की हँडल धरवत नव्हतं. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, आणि त्यांच्यामधून तापलेला रस्ता. काय बोलायचं, हे मी निघताना ठरवलं नव्हतं आणि पोचेपर्यंतही ठरलं नाही.

दार धाकटीनं उघडलं. पाणी दिलं. "कशी आहेस?" मी विचारलं. "बरी आहे," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. तिचा नवरा ओट्यावर बसला होता. मला पाहून उठला, "या ताई" म्हणाला, आणि बागेत पाण्याची पाळी आहे असं सांगून निघून गेला. मी वहिनीला शोधायला मागच्या पडवीत गेले.

वहिनी तिथे खाटेवर बसली होती, हातात काही नाही. मी तिला कधी मोकळ्या हातांनी बसलेलं पाहिलं नव्हतं. मी तिची माफी मागितली, आईच्या वतीनं. ती म्हणाली, "तपासायला नेलं त्याचं तं मी गिळून घेतलं होतं, ताई. झाकलेलं होतं ना. पन त्यांनी सांगतलं कसं, जसं बाजारातून माल पारखून आनला. आता गल्लीतली प्रत्येक बाई माह्या पोटाकडे पाहते. काई निघालं नाई म्हनतात, पन पाहतात तं."

मी काय बोलावं? मला जे येतं तेच बोलले. म्हटलं, वहिनी, मी तिकडे हेच करते. आणि तिला सगळं सांगितलं: काच, गप्प बसलेलं यंत्र, लांबून झुकणारा जोडीदार, दुसरी काच. मी बोलत सुटले, कारण गप्प बसायची भीती वाटत होती. ती बी. कॉम. झालेली, लक्ष देऊन ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "जोडीदाराच्या रस्त्यात ठेवली तरी चालते?"

"चालते."

"तेवढ्याच जाडीची?"

"हो. कमी नाही, जास्त नाही."

"मंग ठेवा," ती म्हणाली. "त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर तुमच्या भावानं बसायचं. आनि मंग आईंनी याच अंगणात येऊन, त्याच बायांसमोर सांगायचं, की माह्या पोराले तपासलं. जे असन ते. मी परत येते."

हे मी सुचवलं नव्हतं, पण माझ्याच तोंडून निघालं होतं. मी हळूच म्हटलं, "आणि दुसरं यंत्र वाजलं तर, वहिनी? दादामध्ये काही निघालं तर?"

"ते तुम्हाले माहीत," ती म्हणाली. "तुमच्या इथं काय होते?"

आमच्या इथे अशी जोडी आम्ही मोजतच नाही, सोडून देतो, पुढची घेतो. हे मी तिला सांगितलं नाही. निघताना धाकटीनं चहाचा कप माझ्या हातात दिला, मी तो उभ्यानंच प्यायले आणि गाडी काढली.

घरी आईनं हे ऐकलं आणि उभ्या जागी खाली बसली. "माह्या पोराले? चारचौघांत? मी मरून जाईन पन हे नाई बोलनार." मी म्हटलं, "त्यांच्या पोरीचं बोललीस ना चारचौघांत?" आई म्हणाली, "ते वेगळं." मी म्हटलं, "काय वेगळं?" आम्ही दोघी इतक्या जोरात बोलत होतो की समोरच्या घरातल्या काकू खिडकीत आल्या. शेवटी आई रडायला लागली, आणि मला तिची दया येईना, याचं मला आतून वाईट वाटत होतं. मधे दादा उठला. शर्ट बदलला आणि म्हणाला, "चल. दवाखाना बंद होईन."

"अरे, काई निघालं तं?" आई ओरडली.

"निघालं तं निघालं," तो म्हणाला. पण चप्पल घालताना त्याचा पाय दोनदा चुकला.

त्या बाकावर सगळ्या बायकाच. दादा त्यांच्यामध्ये बसला, गुडघे जुळवून, हात मांडीवर, अंग चोरून. एका बाईनं विचारलं, "सर, तुम्ही इधर? मॅडम को लाए?" त्याच्या वर्गातल्या मुलाची आई होती ती. तो म्हणाला, "नही. मेरी ही जाँच है." बाई मोबाईलमध्ये बघू लागली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नाव पुकारलं, तो आत गेला. मी भिंतीवरचं गुटगुटीत बाळाचं चित्र बघत बसले, आणि पहिल्यांदा मला कळलं, की वहिनी इथे एकटी बसली होती. तिच्या बाजूला तिच्या वतीनं चिडणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती दुपार येईपर्यंत आमच्या घरात कोणी पोटभर जेवलं नाही. शनिवारी दादाला घरात बसवेना, म्हणून आम्ही दोघं राजघाटावर गेलो आणि सावलीतल्या पायरीवर बसलो. तापी खाली गेली होती, पाण्याबाहेर दगड उघडे पडले होते. तो म्हणाला, "एक विचारू? त्या तुझ्या प्रयोगात दुसऱ्या काचेतून किती जोड्या सुखरूप निघतात?"

मी खोटं बोलू शकले असते. "पहिल्यांदा किती जोरात पाहिलं, त्यावर आहे," मी म्हटलं. "खूप जोरात पाहिलं असेल तर फार थोड्या."

"आईनं तं झोक्याजवळ सांगतलं," तो म्हणाला आणि हसला, पण ते हसणं पुरतं आलं नाही. मग म्हणाला, "माझ्यात निघालं तर तिनं तिकडेच राहावं. मी अडवणार नाही. पण धाकटीचं काय गं? तिनं काय केलं?" प्रयोगशाळेत मी नेहमी दुसऱ्या यंत्राच्या आवाजाकडे कान लावून बसते, पण तिथे ते वाजलं तर पुढची जोडी तयार असते.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेवढ्या वेळात मी सगळे देव आठवले. "सब ठीक है, सर," त्या म्हणाल्या. "कुछ नहीं निकला. दोनों नॉर्मल हो. टेन्शन मत लो, टाइम दो." दादा 'थँक्यू' म्हणाला, बाहेर आला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यानं डोळे पुसले. मला नाचावंसं वाटत होतं. वाजलं नाही! दुसरं यंत्रही वाजलं नाही!

उरली फक्त आई. रविवारी भाड्याच्या गाडीत ती आमच्याशी एक शब्द बोलली नाही. शाहपूरला अंगणात झोका अजून तसाच होता. वहिनीच्या आईनं त्याच बायकांना चहाला बोलावलं होतं. वहिनीनं तसं सांगितलेलं असावं. वहिनीचे वडील खुर्चीवर, धाकटीचा नवरा खांबाला टेकून, धाकटी स्वयंपाकघराच्या दारात. आई मधे उभी राहिली. तिनं पदर खोचला आणि सुरुवात केली. "मी सुनेले तपासून आनलं अन् इथं बोलली. आता पोरालेबी तपासलं. त्याच्यातबी काई निघालं नाई." एवढ्यावर ती थांबेल असं मला वाटलं होतं. पण ती वहिनीकडे वळून म्हणाली, "पहिल्यांदा तुले न विचारता नेलं, ते माहं चुकलं."

मग एका म्हाताऱ्या बाईनं कप उचलत म्हटलं, "चला, दोघंबी बरोबर निघाले. आता देवाच्या हाती." कुणीतरी हसलं. वहिनीचे वडील उठले आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवन करूनच जा," ते म्हणाले. वहिनी आत गेली आणि साडी बदलून, केस विंचरून बाहेर आली. तिनं आईला वाकून नमस्कार केला. आईनं तिला जवळ घेतलं. मला वाटलं, झालं, जुळलं, आणि आता कोणी ओळखूही शकणार नाही की मधे काही झालं होतं. मला इतका आनंद झाला, आणि थोडा गर्वही झाला, हे कबूल केलं पाहिजे. माझी काच घरात चालली होती.

जेवणं झाल्यावर मी धाकटीला शोधत तिच्या खोलीत गेले. तिला मिठी मारली आणि म्हटलं, "वाचलीस बघ. तुझं घर वाचलं."

ती माझ्या मिठीत तशीच उभी होती, हात खाली सोडून. मी तिला दूर धरून पाहिलं. "काय झालं गं?"

तिनं आधी दार लोटलं. "ज्या दिवशी यांच्या बाबांनी दादाले फोन केला ना," ती म्हणाली, "त्या दिवशी यांनी स्टूल घेतलं. माळ्यावरून माही बॅग खाली काढली, फडक्यानं पुसली, अन् पलंगाजवळ ठेवली. मले काई म्हटलं नाई. मी मनाई करीन का, रडीन का, काईच पाहलं नाई. बॅग ठेवली अन् जेवायले बसले."

"अगं, पण तो बिचारा काय करणार, घरचा नियम..."

"हो," ती म्हणाली. "आज सकाळी तुम्ही येणार म्हणून फोन आला, दादाचं चांगलं निघालं म्हणून. तं यांनी बॅग परत वर ठेवली. तिथंच, होती तिथं. कोणी आलं तं म्हणन, कधी खालीच नव्हती." बाहेरून आईच्या हसण्याचा आवाज येत होता. धाकटीनं वर माळ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"पन मी पाहलं ना, ताई."